नळी लाल झाली का?

साल तीसच्या आसपासची गोष्ट. आमचे हे हायस्कुलात शास्त्र शिकवत. शाळेतला प्रत्येक प्रयोग आधी आमच्या मागच्या पडवीत व्हायचा आणि त्याची काजळी मी घासायची.

त्या रविवारी यांनी खाडीकाठच्या खाजणातला चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे उपड्या बाटलीत धरून आणले होते. मिथेन वायू. हवेत तो सरळ जळतो. पण हवा लागू न देता लालबुंद नळीतून नेला, की मोडतो. त्यातला कार्बन काजळी होऊन नळीत बसतो आणि हायड्रोजन पुढे निघून जातो. नळी नुसती गरम असून भागत नाही. म्हणून लोहाराकडची लोखंडी नळी करवंट्यांच्या निखाऱ्यात ठेवून मी भाता मारत होते.

"लाल झाली काय गो?" यांनी विचारलं.

नळी केव्हाच लालाची नारिंगी झाली होती. मला वाटलं, थट्टा चालली आहे. "डोळे आहेत ना तुम्हाला?" मी फटकन म्हटलं.

हे हात पुढे करून धग चाचपू लागले, तेव्हा मला उमगलं, यांना नीट दिसत नाही. हल्ली रोज मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावत, आणि बायकोला शिकवतायत म्हणून मी आपली खूश होते.

"डॉक्टरांनी हात टेकले," हे म्हणाले. "कुणाला बोलू नको. शाळेत कळलं तर वर्ग सुटला माझा."

प्रयोग मात्र पुरा केला. बाटलीत पाणी सोडून वायू नळीतून ढकलला. पहिली हवा निघून जाऊ दिली आणि मला टोकाशी काडी लावायला सांगितली. मला तिथे काहीच दिसेना.

"पेटलं नाही हो."

यांनी हात जवळ नेऊन ऊब घेतली आणि गवताची काडी वर धरली. ती भुरकन पेटली.

"हायड्रोजनची ज्योत उन्हात कुणालाच दिसत नाही," हे म्हणाले. मला रडू आवरेना.

रात्री जेवताना मी म्हटलं, "उद्या नळीचा रंग मुलांनाच विचारा. मास्तरांनी प्रश्न विचारला, तर त्यांना उत्तर ठाऊक नसेल असं कुणाच्या मनात येतं?"

तेव्हापासून हे विचारत राहिले. मुलांनो, रंग कोणता? आता कोणता? काजळी कुठवर बसली? डोळ्यांतला उजेड पुरता जाईपर्यंत काही वर्षं यांनी असंच शिकवलं.

पुढे हे घरी बसले. वर्षभराने यांच्या शेवटच्या वर्गातला एक मुलगा भेटायला आला. जाताना ओटीवर मला म्हणाला, "सरांनी आम्हाला उत्तर कधी सांगितलं नाही. बघायला शिकवलं."

तो गेल्यावर मी आत आले. हे खाटेवर उठून बसले होते.

"आवाज फुटलाय त्याचा," हे म्हणाले. "मिसरूड आलं काय गो त्याला?"