सळ्या न सोडलेलं घर

तात्यांना घराबद्दल काहीही विचारलं, की ते मानेनं स्वयंपाकघराचं दार दाखवायचे आणि म्हणायचे, "हिला विचारा." घर एवढं लहान का, वर जायला जिना का नाही, तिसरी खोली कधी काढणार, सगळ्याला उत्तर हेच. नवख्या माणसाला वाटायचं, हा गडी बायकोच्या मुठीत आहे. मलाही तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर पहिले काही महिने मी त्यावर मनातल्या मनात हसूनही घेतलं.

नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी उचगावात आले. आमचे हे एका मशीन शॉपमध्ये होते आणि तात्यांच्या घरासमोरच आमची भाड्याची खोली होती. तात्या एका फाउंड्रीत पॅटर्न बनवायचे. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा आणि उठलेल्या ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. कारखान्यात आणखी दोन तात्या होते, म्हणून हे पॅटर्नतात्या. त्यांची बायको मात्र सगळ्या गल्लीची काकी. आवाज असा, की त्या घरात बोलल्या तरी मला माझ्या चुलीपाशी ऐकू यायचं.

आमच्या गल्लीत तेव्हा माणसाची ऐपत घरावरून नव्हे, तर घरावर सोडलेल्या सळ्यांवरून मोजायचे. स्लॅब पडला की खांबांच्या सळ्या हातभर वर ठेवायच्या, म्हणजे पुढं कधीतरी मजला चढवता येतो. तो मजला बहुतेकांचा चढत नसे. सळ्या गंजायच्या, त्यांना दोऱ्या बांधून बायका धुणं वाळत घालायच्या, कुणी त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या अडकवायचं. पण सळ्या हव्यातच. एकट्या तात्यांच्या घरावर नव्हत्या. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं अंगण, अंगणात शेवगा आणि वर सपाट स्लॅब. गल्लीनं त्याला 'बोडकं घर' असं नाव ठेवलं होतं.

ते कसं झालं, हे मला मिस्त्रीनंच सांगितलं. आमची मोरी दुरुस्त करायला आला होता, तेव्हा. स्लॅबच्या दिवशी त्यानं वरून ओरडून विचारलं, "तात्या, सळ्या किती सोडू? उद्या पोरगं मजला चढवंल की!" तात्या म्हणाले, "हिला विचारा." काकी चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. "कापा," त्या म्हणाल्या. मिस्त्रीला काही ते पटेना. त्यानं अर्धा तास समजावलं. शेवटी काकींनी विचारलं, "मिस्त्री, वर कोण ऱ्हाणार?"

"तुमचं पोरगं, सून."

"आणि आम्ही खाली काय करायचं? त्यांच्या पायांचा आवाज ऐकत बसायचं व्हय?"

सळ्या कापल्या आणि वरून गिलावा केला. "माझ्या सगळ्या धंद्यात असलं घर एकच बांधलंय, वहिनी," मिस्त्री मला म्हणाला. तो ते घर स्वतःची चूक असल्यासारखं सांगत होता.

बरं, तात्यांना मोठं घर झेपलं नसतं, असं मुळीच नाही. त्यांच्या हाताला तोड नव्हती. दुसऱ्या फाउंड्र्यांचे मालक त्यांच्याकडे चपला काढून यायचे. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, पण ह्या दोघांनी आधी पाय किती पसरायचे ते ठरवलं आणि तेवढंच अंथरूण घातलं. सोसायटीचं कर्ज काढलं नाही. त्यामुळं झालं काय, की तात्यांना ओव्हरटाइम करावा लागला नाही. साडेपाचला भोंगा झाला, की सहाला तात्या घरी. हातपाय धुऊन उंबऱ्याच्या डाव्या बाजूला बसायचे, काकी उजव्या बाजूला. मधे भाजक्या शेंगांचं ताट. आणि मग दोघं बोलत बसायचे.

काय बोलतात, म्हणून मी सुरुवातीला कान देऊन ऐकायची. काही नाही हो! आजच्या कास्टिंगला भोक पडलं. गवार निबर निघाली. वाडीला देवदर्शनाला जाऊन किती दिवस झाले, पुढच्या पौर्णिमेला जाऊ, येताना बासुंदी आणू. एवढंच. पण रोज तासभर, आणि एकमेकांकडे बघून. आमचे हे तेव्हा कसबा बावड्याला प्लॉट घ्यायचा म्हणून दोन-दोन पाळ्या करत होते. आमचं बोलणं म्हणजे डबा भरला का आणि दार नीट लावून घे. मला त्या उंबऱ्याचा हेवा वाटायचा. सरळ सांगते, जळायचेच मी.

तात्या मापाला फार पक्के. पण एकदा त्यांची अशी फजिती झाली, की फाउंड्रीतल्या माणसाचीच व्हावी. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा असतो. तात्यांनी स्वयंपाकघरातल्या कोनाड्याचं माप साध्या टेपनं घेतलं आणि काकींसाठी सहा फुटी कपाट मात्र कारखान्यातल्या पट्टीनं बनवलं. सागवानी, पॉलिश केलेलं, देखणं. आम्ही चौघांनी ते उचलून कोनाड्यापाशी नेलं, तर पाऊण इंच जास्त! तात्या कपाटाकडे बघतात, कोनाड्याकडे बघतात. आयुष्यात पहिल्यांदाच माप चुकलं होतं. काकींनी कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "अवो, ऱ्हाऊंदे तसंच. थंड झालं की आकसंल!" तात्या स्वतःच एवढे हसले, की त्यांना खाली बसावं लागलं. पुढं आठ दिवस ते रोज संध्याकाळी कपाट तासत होते आणि काकी शेजारी बसून शेंगा सोलून त्यांच्या तोंडात घालत होत्या.

एकदा शेवग्याच्या शेंगा काढताना मी काकींना विचारलंच, "काकी, खरं सांगा, एवढंच घर का?"

त्या हातातली काठी टेकून उभ्या राहिल्या. "माझं सासर वाडीच्या अलीकडं. घरात एकोणीस माणसं. घर केवढं, तर ढोरास्नीसुद्धा दोन खण. पण मला नवऱ्याशी बोलाय जागा न्हाई. दिवसा बोललं की सासू खोकायची. ह्यांचा हात भाजला होता फाउंड्रीत, तर मला ते चार दिवसांनी कळलं, तेबी जावंकडनं. मग आम्ही काय करायचो, मी वैरणीला जायचे आणि हे सायकल घेऊन पाणंदीच्या वाटंला यायचे. दोन्हीकडं ऊस. तिथं उभं ऱ्हाऊन बोलायचं, चोरावाणी. लग्नाची बायको मी! तवाच ठरवलं. जवा घर होईल तवा दोघांचं होईल. पोराचं पोरानं करावं."

हे ऐकल्यावर मी त्या 'हिला विचारा'वर हसायची बंद झाले. तात्या उत्तर टाळत नव्हते. उत्तर काकींचं होतं, आणि दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणाऱ्यांतले ते नव्हते.

पण घर जिंकलं तरी गल्ली जिंकता येत नाही. मुलगा प्रमोद आयटीआय करून नोकरीला लागला आणि स्थळं बघायला सुरुवात झाली. पाहुणे यायचे, पोहे खायचे, अंगणात उभे राहून वर बघायचे आणि जायचे. दोन स्थळं अशी गेली. दुसरं गेलं त्या संध्याकाळी प्रमोद सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "तुम्ही दोघांनी माझ्यासाठी चार सळ्यापण सोडल्या न्हाईसा!" त्यानंतर उंबरा तीन दिवस मोकळा होता. काकी माझ्याकडे आल्या. एरवी घुमणारा त्यांचा आवाज मला कान देऊन ऐकावा लागला. "आमचं चुकलं का गं पोरी?" त्या म्हणाल्या.

तात्यांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री वर जाऊन ठोकून आला. गिलावा फोडला की जुन्या सळ्या सापडतील, त्यांना नव्या जोडता येतील, अंगणातला शेवगा तोडून तिथून जिना. रविवारी तिसरे पाहुणे येणार होते. तेही नकार देऊन परतले, तर सोमवारी काम सुरू करायचं ठरलं. दोघांनी मिळून आयुष्यात जी एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली होती, ती सोमवारी फुटणार होती, आणि मी समोरच्या दारातून बघत बसणार होते.

रविवारी मी पोहे करायला गेले. मुलीकडची सहा-सात माणसं होती. बायका आत आमच्यापाशी, पुरुष बाहेरच्या खोलीत. मुलीचा मामा मोठा ठसकेबाज. त्यानं चहा संपवला, अंगणात गेला, वर बघितलं आणि आत येऊन म्हणाला, "पावणं, पोरगं झ्याक हाय. पण वर सळ्या न्हाईत. मग आमची पोरगी ऱ्हाणार कुठं?"

तात्यांनी कपाळावरचा घाम पुसला. सवय ती सवय. "हिला विचारा," ते म्हणाले. पुरुष हसले.

काकी पोह्यांची बशी हातात घेऊनच दारात गेल्या. "ह्या घरात ऱ्हाणारच न्हाई तुमची पोरगी. ह्ये घर आम्हा दोघांचं हाय. तिच्यासाठी मागच्या गल्लीत दोन खोल्या बघून ठेवल्यात, भाड्याच्या. सणाला हितं या, दुखलं-खुपलं की हाक मारा, मी पळत येईन. पण तिच्या उंबऱ्यावर ती आणि तिचा नवरा बसंल. त्याच्याशी बोलाय तिला पाणंदीला जाय लागणार न्हाई."

मामाला पाणंदीचं काहीच कळलं नाही. पण माझ्या शेजारी बसलेल्या मुलीच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. पदर नीट करून त्या दारापर्यंत गेल्या आणि काकींना म्हणाल्या, "खरंच वेगळं ऱ्हाऊ देशीला?"

"देवाची आण."

त्या बाईनं सगळ्यांदेखत भावाकडे बघितलं. "दादा, बैठकीचं बोला. पोरगी हितंच द्यायची."

सोमवारी सकाळी मिस्त्री हातोडा घेऊन आला. काकींनी त्याला चहा दिला, वर एक लाडू दिला आणि परत पाठवला. प्रमोद दोन दिवस आईच्या नजरेला नजर देत नव्हता. तिसऱ्या दिवशी येऊन उंबऱ्यापाशी खाली बसला आणि शेंगा सोलायला लागला.

पुढं आम्हीही बावड्याला घर बांधलं. बंगल्याचा नकाशा काढून झाला होता. मी यांना एका संध्याकाळी तात्यांच्या अंगणात नेऊन नुसतं बसवलं, तासभर. नकाशा तीनदा लहान झाला. मापं घ्यायला तात्या आले होते, येताना "साधी पट्टी आणलीय बरं का" म्हणत. स्लॅबच्या दिवशी मिस्त्रीनं सळ्यांचं विचारलं, तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं. "कापा," मी म्हणाले. यांच्या दोन पाळ्या सुटल्या. आमच्या घराला उंबरा आहे आणि त्याला दोन बाजू आहेत. ह्याहून जास्त मी काकींचं देणं सांगू शकत नाही.

काकी गेल्या त्या पाचसहा दिवसांच्या तापानं. एवढा मोठा आवाज, आणि जाताना कुणाला कळलं नाही. महिन्याभरानं मी गेले, तर तात्या उंबऱ्याच्या डाव्या बाजूलाच बसले होते. मधे सरकले नव्हते. प्रमोद आणि सूनबाई रोज बोलवायला येत होते. ते जात नव्हते.

"पोरी," ते म्हणाले, "लोक म्हणायचे घर बारकं. घर लई मोठं हाय गं. हिकडनं तिकडं जाईस्तोवर दमतोय मी." मग शेवग्याकडे बघत म्हणाले, "आकसायचं धरून माप काढायचं, ह्योच माझा धंदा. जन्मभर धरलं. दोघांचं एक हुतंय, हेच धराय इसरलो."

मी तिथंच बसून रडले. तेच मला पाणी द्यायला उठले.

दिवाळीनंतर ते प्रमोदकडे राहायला गेले. घर द्यायचं ठरलं ते पॅटर्न शॉपमधल्या एका नव्यानं लग्न झालेल्या पोराला. भाडं नावालाच, अट एकच: दोघंच राहायचं. किल्ली द्यायच्या दिवशी मी मुद्दाम बावड्याहून आले. झाडलोट केली, काकींचं कपाट पुसलं. त्या पोराची नवी नवरी आत स्वयंपाकघरात गेली आणि तिचा नवरा अंगणात फिरून वर बघून आला.

"तात्या," त्यानं विचारलं, "वर सळ्या कशा काय सोडल्या न्हाईसा?"

तात्यांची मान सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. दारात ती पोरगी उभी होती, हिरवा चुडा, हातात आमच्या काकींची चहाची किटली. तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग पुढं झाले, किल्ली नवऱ्याच्या नाही, तिच्या हातात दिली आणि त्याला म्हणाले, "हिला विचार."