आवाज न फुटण्याचं स्वप्न

माझे वडील मध्य प्रदेशात, लामत्याजवळच्या एका गावात मुनादी द्यायचे. पटेल, म्हणजे गावचा पाटील, सांगेल ते वाक्य डफडी वाजवत गल्लोगल्ली ओरडून सांगायचं, हे आमच्या घराकडे पिढीजात आलेलं काम. आम्ही बौद्ध झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी वस्तीच्या बैठकीत ठरलं, की हे काम बंद. वडिलांनी स्वतः जाऊन पटेलाला तसं सांगायचं आणि डफडी परत करायची. सोमवार ठरला.

त्या आठवड्यात त्यांना एकच स्वप्न तीनदा पडलं. मी बालाघाटला एका साप्ताहिकात नोकरीला होतो. रविवारी दुपारी घरी आलो, तेव्हा जेवताना त्यांनी सांगितलं. चौकात लोक जमलेत, वडील तोंड उघडतात, आवाज निघत नाही.

“सपनात काय सांगाचं रायते, बा?”

“थेच तं याद येत नाही.”

“डफडी कोपली,” आई म्हणाली. “अजूनबी आयका, जाऊ नका.”

“मंग वस्तीले तोंड कोण दाखवन? तू?”

स्वप्नाला अर्थ नसतो, असं मी तिला सांगितलं.

सोमवारी सकाळी पटेलाच्या अंगणात चार माणसं बसली होती. वडील नेहमीच्या जागी, निंबाखाली थांबले. मी दोन पावलं मागे. ते निरोप न्यायला आलेत असं पटेलाला वाटलं.

“आ गया? कल पंचायत की बैठक है, बोल देना.”

वडिलांनी तोंड उघडलं. काही निघालं नाही.

“क्यों रे, गाँवभर चिल्लाता है, आज ज़बान घर भूल आया?”

चौघे हसले, पटेलही हसला. वडिलांची मान खाली गेली. आता ते निरोप घेऊन परततील, असं मला वाटलं.

त्यांनी डफडीवर तीनदा काडी मारली, मुनादीआधी मारायचे तशी.

“सुनो भाई सुनो. आज से हमारे घर का कोई मुनादी नहीं देगा. सुनो भाई सुनो.”

समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या. पटेल हसायचा थांबला. वडिलांनी गळ्यातली डफडी काढून ओट्यावर ठेवली आणि ते वळले.

उभा जन्म त्यांनी दुसऱ्याची वाक्यं ओरडून सांगितली होती. त्या अंगणात तोवर स्वतःचं एकही बोलले नव्हते. स्वप्नाचा अर्थ मी आज एवढाच लावतो.

परतताना नाल्यापाशी ते थांबले. मग विचारलं, “आवाज फाटला तं नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

पहिल्या दोन शब्दांना फाटला होता.