सखारामभाऊंच्या कानशिलावरची कॅप्सूल

ही गोष्ट मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले दोन रुपयेसुद्धा सांगतो.

वार बुधवार, वेळ सकाळची. हजर तिघं: मी, गंजाडचे चिकू उतरवणारे सखारामभाऊ आणि पलीकडच्या खोलीत संगणकापाशी बसलेली केतकी. रक्कम म्हणाल, तर एक कॅप्सूल. माशाच्या तेलाची, औषधाच्या दुकानात तीन रुपयांना मिळते. तेवढ्या तीन रुपयांवरून मी — पण थांबा. ती कॅप्सूल कशाला, ते आधी सांगायला हवं.

आमचा एक छोटा अभ्यास चालला होता. वर्षानुवर्षं लांब काठीने चिकू उतरवणाऱ्या माणसाचे दोन्ही हात वेगवेगळं काम करतात. मग त्याच्या मेंदूच्या डाव्या आणि उजव्या भागात काही फरक पडतो का? हे बघायचं, तर डावीकडच्या प्रत्येक जागेला उजवीकडची तिची जोडीदार जागा सापडायला हवी. माझी बायको ब्लाऊज शिवते. डाव्या बाहीचा कागद उलटा केला की उजवी बाही मिळते. मेंदूचंही साधारण तसंच — डाव्या भागाच्या पृष्ठभागाचा नकाशा आरशातल्यासारखा उलटायचा आणि उजव्यावर ठेवायचा. फक्त मेंदूच्या घड्या दोन्हीकडे तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून इथे थोडं ताणायचं, तिथे थोडं सरकवायचं, घडीवर घडी बसेपर्यंत. हे सगळं आपोआप करणारा प्रोग्राम केतकीने लिहिला होता. आमच्या डहाणूतल्याच एका रेल्वेवाल्यांची मुलगी, इंजिनिअर, मला काका म्हणायची.

आता, या कामातलं महापाप एकच: डाव्याचं उजवं होणं. चित्र उलटं झालं तरी मेंदू मेंदूच दिसतो, बघणाऱ्याला काय कळणार? म्हणून मेंदूच्या स्कॅनच्या यंत्रात जाण्याआधी माणसाच्या उजव्या कानशिलावर तेलाची कॅप्सूल चिकटवतात. चित्रात तिचा पांढरा ठिपका उमटतो. ठिपका दिसेल ती उजवी बाजू — वाद संपला. ती कॅप्सूल चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. का माझ्याकडे? कारण मी चुकत नाही, अशी माझी ख्याती. आमच्या घरी डाळींच्या डब्यांवरसुद्धा तारखा असतात. "चपलांवरही डावी-उजवी लिहून ठेवा," असं बायको म्हणते.

त्या बुधवारी जीपने आम्ही गुजरातच्या हद्दीवरचा अच्छाडचा नाका ओलांडून स्कॅन केंद्रात गेलो. ट्रकांच्या रांगेत तासभर अडकलो, पण सखारामभाऊ बरोबर असताना तास कसला वाटतोय? केंद्रात मी कॅप्सूल काढली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, ही गिळायची का डोक्याला लावायची? आमचा भगतपण असलं काय करत नाय हो!" मग त्यांनी मेव्हण्याची गोष्ट काढली — चिकूच्या झाडावरून पडला तो थेट सासूच्या टोपलीत, आणि सासू म्हणाली, आधी चिकू मोज, मग हाडं मोज. मी पोट धरून हसत होतो.

एरवी मी माणसाच्या पाठीमागे उभा राहतो, म्हणजे त्याचा उजवा तो माझा उजवा. त्या दिवशी खुर्ची भिंतीला टेकलेली होती. मी समोर उभा राहिलो. हसत हसत कॅप्सूल चिकटवली. माझ्या उजव्या हाताला.

हे तेव्हा कळलं का? नाही, खरंच नाही. चूक इथवर असती, तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

काही आठवड्यांनी केतकीला सखारामभाऊंच्या चित्रात ठिपका डावीकडे दिसला. आमच्या प्रमुख मॅडमनी दोघांना बोलावलं. कॅप्सूल चुकली की प्रोग्राम? केतकी म्हणाली, "मॅडम, बाकी सगळे बरोबर आलेत, एकच कसा उलटेल?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उजवीकडेच लावली होती." अगदी ठणकावून.

त्याच संध्याकाळी मला आठवलं, की स्कॅननंतर सखारामभाऊंनी स्वतःच्या फोनवर सेल्फी काढून मला पाठवला होता — कानशिलावर कॅप्सूल, तोंडभर हसू. फोटो उघडला. कॅप्सूल त्यांच्या डाव्या बाजूला. मग सुचलं, सेल्फी तर आरशासारखा उलटा येतो! किती बरं वाटलं, काय सांगू. चहासुद्धा टाकला. चहा पिताना पुन्हा एकदा बघितलं — तर त्यांच्या मागे भिंतीवर चपला बाहेर काढायची गुजराती पाटी होती. अक्षरं सुलटी होती. सरळ वाचता येत होती.

मी फोटो पुसून टाकला.

ही माझी चूक. कॅप्सूल नव्हे.

पुढचं सगळं सोपं झालं, इतकं सोपं की आजही नवल वाटतं. सखारामभाऊंचा बरोबर असलेला मेंदू हाताने उलटवून टाकला. केतकीचा प्रोग्राम बाजूला पडला. एक उलटला तर बाकीच्यांचा भरवसा काय, असं मॅडमचं म्हणणं. सगळ्यांच्या घड्या आम्ही दोघांनी बसून एकेक जुळवल्या. केतकी डब्यातून बोंबलाची चटणी आणायची, मी चिकू न्यायचो, हसायचोही खूप. ती अधूनमधून प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ तपासायची आणि म्हणायची, "काका, सापडत नाहीये हो चूक." मी म्हणायचो, सापडेल.

परिषदेत हे काम तिने मांडायचं ठरलं होतं. तिने त्यासाठी नवी साडीही घेतली होती. मॅडमनी मला पाठवलं — काळजीपूर्वक काम कसं करावं ते लोकांना दिसू दे म्हणून. भाषण केतकीनेच माझ्याकडून घोटून घेतलं. टाळ्या पडल्या. जेवणही उत्तम होतं. मी दोनदा जिलबी घेतली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "काका, कसं झालं?"

"छान झालं."

"प्रोग्राम का नाही वापरला, असं विचारलं का कुणी?"

"विचारलं."

"मग?"

"म्हटलं, चुकत होता."

मग नेहमीच्याच हसऱ्या आवाजात म्हणाली, "बरोबर आहे. माझंच काहीतरी चुकलं असणार ना, काका?"

मी हो म्हणालो.