अंगकोरला घातलेलं गाऱ्हाणं

कापडे गावच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. बाकी सगळे शेतकरी, मी एकटाच महाडचा निवृत्त मास्तर. ह्या मंडळींबरोबर नुसतं पोलादपूरच्या बाजाराला गेलं तरी माणूस दोन किस्से घेऊन परततो. आम्ही तर थेट कंबोडियाला गेलो, अंगकोरची देवळं बघायला! त्यातल्या एकाच दिवसाचं सांगतो.

*

भिकूआप्पा आमचे पखवाजवाले. ते विमानात बसले खरे, पण जीव गोठ्यात. चंद्री म्हैस आज-उद्या विणार होती आणि गेल्या खेपेला तिचं पारडू दगावलं होतं. मुलगा घरी होता, तरी आप्पांना चैन नव्हतं. त्यांची बायको सुमनकाकी दर तासाला विचारायची, "तिकीट काढताना चंद्रीला विचारलं व्हतं काय?"

*

सकाळी नऊला अंगकोर वाटच्या दारातच आठ हातांचा विष्णू दिसला. तिथले लोक अजून त्याला उदबत्त्या लावतात. आप्पांनी चपला काढल्या. नारळ मिळेना म्हणून शहाळं ठेवलं आणि गावच्या रीतीने गाऱ्हाणं सुरू केलं. देव परमुलखातला, तेव्हा त्याला पूर्ण पत्ता दिला. कापडे गाव, तालुका पोलादपूर, आंब्याखालचा गोठा, डावीकडची म्हैस. उजवीकडची भावाची, हेही सांगून ठेवलं. प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. तिसऱ्या वाक्यापासून आमचा गाईडही म्हणायला लागला!

*

आत भिंतभर समुद्रमंथन कोरलंय. देव आणि दैत्य रांगेने वासुकी ओढतायत. गाईड इंग्रजीत समजावत होता, मी मराठीत सांगत होतो. काकी मात्र एकेक चेहरा न्याहाळत पुढे सरकत होत्या. एका देवापाशी थांबल्या.

"ह्यो नुसता हात लावून उभा हाय. आपल्या पाखाडीच्या पायऱ्या बांधायच्या श्रमदानाला पण असा एक व्हता."

तो एक आमच्यातच होता. तो घाईघाईने पुढच्या दालनात गेला.

*

दुपारी ता प्रोम. तिथे प्रचंड झाडांनी देवळांना मुळांत आवळून धरलंय. जगभरातले लोक फोटोसाठी रांगा लावतात. आप्पा हळहळले. रोप होतं तेव्हाच कोणी उपटलं असतं तर देऊळ वाचलं असतं, असं त्यांचं म्हणणं. एवढ्यात त्यांना भिंतीच्या फटीत वीतभर रोप दिसलं. शेतकऱ्याचा हात, थांबतो थोडाच! उपटलंच. पहारेकरी शिट्टी वाजवत धावत आला. आप्पांनी रोप त्याच्या हातात ठेवलं आणि मला म्हणाले, "त्याला सांगा मास्तर, आभार मानायची गरज नाय."

*

चारच्या सुमारास चहाच्या दुकानात वायफाय मिळालं आणि मुलाचा फोन लागला. चंद्री सकाळी सातला व्याली. रेडी झाली, दोघी खुशाल! काकींनी डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. आप्पांनी सगळ्यांना चहा पाजला आणि विष्णूला पावल्याचं प्रशस्तिपत्रक दिलं.

माझी मास्तरकीची खोड जाईना. मी म्हटलं, "आप्पा, तिकडचे सात म्हणजे इकडचे साडेआठ. आपण गाऱ्हाणं घातलं नऊला."

आप्पांनी कप खाली ठेवला. बराच वेळ बोटांवर हिशेब केला. मग गाडी परत अंगकोर वाटला घ्यायला सांगितली. गाईडला वाटलं, पाकीट राहिलं.

देऊळ बंद व्हायची वेळ झाली होती. आप्पा धापा टाकत विष्णूपुढे गेले, हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि लगेच परत आले. मी विचारलं, आता काय मागितलंत?

"मागतोय कशाला? गाऱ्हाणं माघारी घेतलं. म्हैस आमच्या गावदेवीनं सोडवली. हा बिचारा कापड्यापर्यंत जायचा नि हात हालवत यायचा."

"आणि शहाळं?" काकींनी विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे गो. निघाला तर असंल."