चार खाटा आणि विलायतेची कमिटी

लोक मला म्हणतात, "तुम्ही इतकी वर्षं ठाण्यात नर्स होतात, तर रोग्यांचे किस्से सांगा की!" अहो, रोगी बिचारे काय किस्से करणार? ते कण्हतात, बरे होतात, नाहीतर होत नाहीत. किस्से करायला धडधाकट माणसं लागतात, आणि ती सगळी आमच्या कमिटीत होती. दर मिटिंगला एक तरी किस्सा हातात पडायचाच. ठराव मात्र क्वचित पडायचा!

आमचा दवाखाना म्हणजे तळ्यापलीकडच्या घरात बायकांसाठी मांडलेल्या चार खाटा. पण तो चालवणारी सोसायटी विलायतेतली. तिच्या शाखा देशोदेशी, आणि नाव एवढं लांब की पाटी टांगायला आमची भिंत पुरेना. शेवटी अर्धी पाटी शेजारच्या वाण्याच्या भिंतीवर गेली. लोक त्याच्याकडे जाऊन नर्स मागायचे. तो वैतागून ओरडायचा, "बाळंतपण पलीकडे! इथं फक्त डिंक आणि खारीक!"

अध्यक्ष होत्या एका साहेबाच्या मडमसाहेब. सेक्रेटरी होते आमचे रावबहादूर. दोघांनी मिळून खाटेजवळ घालवलेला वेळ मोजायचा तर पाव तास भरला असता. काम करणाऱ्या आम्ही दोघी. मी मुंबईला शिकून सर्टिफिकेट घेऊन आलेले. आणि दुसरी जानकू, कोलशेतची आगरीण. नवरा मिठागरात, ही सुईण. खाडीकाठच्या अर्ध्या पोरांना तिनेच जगात आणलेलं. मला पुस्तक येत होतं, तिला बाळंतपण येत होतं.

तिच्याकडे एकच गोष्ट नव्हती, सर्टिफिकेट. तिला अक्षर येत नव्हतं आणि परीक्षा सगळी लेखी. विलायतेहून दर वर्षी पत्र यायचं, "बिनसर्टिफिकेटची कोणी बाई रोग्याला हात लावते काय?" रावबहादूर दर वर्षी उत्तर लिहायचे, "विषय विचाराधीन आहे." एक दिवस ह्या विचाराचा निकाल लागणार आणि जानकू घरी जाणार, ह्या भीतीत मी रोज असायचे. ती गेली की खाडीकाठच्या बायका येणार नाहीत, आणि त्या आल्या नाहीत की चार खाटांना कुलूप, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

* * *

विलायतेहून एक छापील फॉर्म यायचा. सगळ्या देशांना तोच. त्यात एक प्रश्न होता, "हिवाळ्यात बर्फ पडल्यावर वॉर्ड उबदार कसा ठेवता?"

ठाण्यात बर्फ! पण प्रश्न विलायतेचा, त्याला 'लागू नाही' म्हणणं रावबहादुरांना उद्धटपणाचं वाटलं. तीन तास मिटिंग चालली. घामाने रावबहादुरांची पगडी भिजली. मडमसाहेबांच्या हातातला पंखा थांबत नव्हता. शेवटी उत्तर गेलं, "शेगडीने."

हे वाचून तिकडच्या नर्सबायांचं मन द्रवलं. बिचाऱ्या आमच्या भगिनी, नुसत्या शेगडीवर थंडी काढतात! ऐन वैशाखात आमच्याकडे एक पेटी आली. आत हाताने विणलेले, गुडघ्यापर्यंत येणारे लोकरीचे मोजे. सोबत चिठ्ठी, "राष्ट्राराष्ट्रांतल्या स्नेहाची ऊब."

रावबहादुरांनी ठराव केला, नर्सेसनी ड्युटीवर मोजे घालावेत.

जानकूने एक मोजा हातात धरला, ताणून पाहिला आणि म्हणाली, "बाय, ह्यो पायाचा नाय गो. ह्यो सात महिन्याच्या पोराचा हाय."

त्याच आठवड्यात सातव्या महिन्यातलं एक बाळ झालं होतं, मुठीएवढं. तिने ते गळ्यापर्यंत मोज्यात सरकवलं. त्यानंतर अशी किती बाळं त्या मोज्यांतून बाहेर पडली ते मी मोजलं नाही. एकही गेलं नाही, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते.

विलायतेच्या रिपोर्टात छापून आलं, "ठाण्याच्या नर्सेसचे पाय आमचे ऋणी आहेत."

* * *

मग प्लेग आला. परदेशातली सरकारं मुंबईच्या जहाजांना घाबरायला लागली. कल्याण स्टेशनवर उतारूंची तपासणी सुरू झाली. बायकांना तपासायला आम्हा दोघींना तिकडे पाठवलेलं. कनात लावून आडोसा केलेला, आत बायका, बाहेर त्यांचे नवरे शिव्या देत उभे.

बायका घाबरून रडायच्या. प्लेगची गाठ बघायला काखेत हात घालू द्यायच्या नाहीत. जानकू प्रत्येकीला म्हणायची, "बाय, मी ताप बगतंय, जात नाय बगत." मग एकेक गप्प व्हायची.

एक दिवस मडमसाहेब दोन परदेशी साहेबांना घेऊन आल्या. आमच्या नर्सेसचं काम बघून ते आपापल्या सरकारांना कळवणार होते, म्हणजे जहाजांचा प्रश्न सुटेल म्हणे. पण पडद्यामागे पुरुषांना मज्जाव! रावबहादूर दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

मग काय, साहेबांनी पडदा बघितला. अर्धा तास बघितला. एकाने कापड चिमटीत धरलं, दुसऱ्याने पावलं टाकून लांबी मोजली. मडमसाहेबांनी खुंट्यांची माहिती दिली. आत आम्ही दोघी सकाळपासून पाणीसुद्धा न पिता बायका तपासत होतो.

पुढे दोन देशांची आभाराची पत्रं आली. दोन्हींत पडद्याची तारीफ! रावबहादुरांनी ती काचेत बसवली. नर्सेसचा उल्लेख एकाच पत्रात होता, 'पडद्याच्या आतल्या बाजूस काही हालचाल जाणवली' असा.

* * *

प्लेग जरा ओसरल्यावर विलायतेहून बोलावणं आलं. युरोपात सगळ्या देशांच्या नर्ससंस्थांची मोठी परिषद होती. प्रत्येक शाखेने एक प्रतिनिधी पाठवावा.

मी मनात म्हटलं, आता तरी नर्सचा नंबर लागेल. कमिटीत एकमताने रावबहादूर निवडून आले.

आता पंचाईत अशी की रावबहादूर समुद्र ओलांडणार नव्हते. जातवाले वाळीत टाकतील ही धास्ती. पण मान तर सोडवत नव्हता! त्यांनी तोड काढली. भाषण जाईल, प्रतिनिधी राहील.

तरी निरोप समारंभ झालाच. ठाणे स्टेशनवर हारतुरे, पेढे, मुलींचं गाणं. रावबहादूर गाडीत बसले, खिडकीतून हात हलवला, मुंबईला उतरून भाषणाचं पाकीट विलायतेच्या टपालात टाकलं आणि दुपारच्या गाडीने परत आले. स्टेशनवर तेच लोक स्वागताला उभे! हारसुद्धा सकाळचेच, पाणी मारून ठेवलेले.

भाषणाचा विषय होता, 'नर्स म्हणजे दोन राष्ट्रांमधील पूल'. त्यांनी ते आम्हाला वॉर्डात उभं राहून वाचून दाखवलं. मी जानकूला मराठीत अर्थ सांगितला.

ती म्हणाली, "पूल होवदे, बेस हाय. पन सायबांना इचार, कोलशेतच्या खाडीवर पयले एक साकव तरी बांदतील का? परवा अडलेली बाय भरतीची वाट बगत होरीत परून होती."

मी हे इंग्रजी भाषणात घालायला सुचवलं. रावबहादूर म्हणाले, "पाकीट गेलं."

* * *

भाषणामागोमाग परिषदेला एक फोटोही पाठवायचा होता. 'आमची प्रशिक्षित देशी नर्स' असा. मुंबईहून फोटोवाला आला. त्याने मला उभी केली, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला, "ह्या नको. ह्या शाळामास्तरीण वाटतात."

मग जानकूला बसवलं. हातात थर्मामीटर दिलं. "हलू नको, श्वास घेऊ नको," तो म्हणाला. जानकू अशी ताठ बसली की परीक्षा देऊन देऊन थकलेली डॉक्टरीणच जणू.

काही महिन्यांनी टपाल आलं. परिषदेत आमच्या फोटोला चांदीचं पदक! 'पूर्वेकडील सर्वोत्तम प्रशिक्षित नर्स.' मडमसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. रावबहादुरांनी पदक स्वतःच्या उपरण्यावर लावून बघितलं.

त्याच पाकिटात दुसरा कागद होता. विचाराधीन विषयाचा निकाल लागला होता. पहिल्या तारखेपासून बिनसर्टिफिकेटच्या बाईने रोग्याला हात लावायचा नाही. लावल्यास शाखा बंद.

फोटो मोठ्या चौकटीत घालून वॉर्डात टांगला, त्याला हार घातला. आणि खाली उभ्या असलेल्या जानकूला रावबहादूर म्हणाले, "उद्या पहिली तारीख. उद्यापासून तू आत येऊ नकोस हां."

मी भांडले. जन्मात कधी एवढा आवाज चढवला नव्हता. रावबहादूर शांतपणे म्हणाले, "अहो सरसूताई, भावना समजतात. पण राष्ट्राराष्ट्रांतला प्रश्न आहे!"

जानकूने आपली पिशवी उचलली. मला त्या दिवशी रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी बघते तर जानकू वॉर्डाच्या खिडकीबाहेर, ओट्यावर बसलेली!

"हात लावाचा नाय ना? नाय लावत," ती म्हणाली. "तोंडाला बंदी हाय का कागदात?"

मी कागद पुन्हा वाचला. नव्हती.

मग महिना दोन महिने आमचा दवाखाना असा चालला. माझे हात आत, जानकूचं डोकं बाहेर. "बाय, तिला डाव्या कुशीवर घे... घाई नको करू... आता धर!" रस्त्याने जाणारे येणारे थबकायचे. एक भाजीवाली तर टोपली उतरवून पोर होईपर्यंत बसून राहिली.

पण खिडकीतून किती दिवस भागणार? खाडीकाठच्या बायकांना कळलं की जानकूचा हात आत चालत नाही, आणि त्या यायच्या बंद झाल्या. चारातल्या तीन खाटा रिकाम्या पडल्या. रिकाम्या खाटांचा आकडा विलायतेला गेला. तिकडून तार आली, मोठ्या मेट्रनबाई तपासणीला येत आहेत. शाखा ठेवायची का मोडायची ते त्या ठरवतील, आणि जानकूची तोंडी परीक्षाही त्याच घेतील. ही तोंडी परीक्षा मी पाच पत्रं लिहून मिळवलेली, हे कमिटीला ठाऊक नव्हतं.

* * *

मी जानकूकडून महिनाभर घोकून घेतलं. पहिला प्रश्न ठरलेलाच असायचा, 'बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर प्रथम काय करशील?' उत्तर, 'कार्बोलिकच्या पाण्याने हात धुईन.' तिला ते झोपेतसुद्धा पाठ होतं.

मेट्रनबाई आल्या. साठीच्या, उंच, केस करकचून बांधलेले. हसणं त्यांनी बोटीवरच ठेवून दिलेलं. वॉर्डाच्या बाजूच्या खोलीत टेबल मांडलं. एका बाजूला बाई, समोर जानकू, मधे दुभाषी म्हणून मी. आणि कमिटी! तिला कोण अडवणार? मडमसाहेब आणि रावबहादूर जानकूच्या दोन्ही अंगांना खुर्च्या टाकून बसले.

बाईंनी जानकूचं नाव विचारलं. रावबहादुरांनी सांगितलं. वय विचारलं. मडमसाहेबांनी सांगितलं. किती वर्षं हे काम करते विचारलं, तर दोघांनी दोन वेगळे आकडे सांगितले आणि मग त्यावरून आपसात वाद घातला. जानकू एकदा ह्यांच्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. तिच्या कपाळावर घाम आला. रावबहादूर तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "घाबरू नकोस, मी आहे ना!"

बाईंनी टाक उचलला आणि तो ठरलेला प्रश्न विचारला. खोलीत शिरल्यावर प्रथम काय करशील?

मी मराठीत सांगितला. मडमसाहेबांनी हात चोळून दाखवले. रावबहादूर पुटपुटले, "कार्बोलिक, कार्बोलिक!"

जानकूने दोघांकडे पाहिलं. मग सरळ बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पयली तिची सासू भायेर काढतंय."

महिन्याची मेहनत पाण्यात! 'हात धुते म्हणाली' एवढं खोटं इंग्रजीत बोलले असते तर कुणाला कळलं असतं? शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण जानकू माझ्याकडे बघत होती. मी जसंच्या तसं सांगितलं.

रावबहादुरांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी टाक खाली ठेवला. "का?"

"ती उशाशी उभी ऱ्हाते," जानकू म्हणाली. "तिला कलत कायच नाय, पन बोलते तीच. मी बायला इचारलं का उत्तर ती देते. बाय कल सोसाची सोरून तिच्या तोंडाकरं बगत ऱ्हाते. मंग पोर अरतंय. सासू भायेर गेली का दार लावाचा. मंग हात धवाचे. मंग कामाला लागाचा."

मी सांगत गेले तशा बाई ऐकत गेल्या. त्यांनी रावबहादुरांकडे पाहिलं. मग मडमसाहेबांकडे पाहिलं.

मग त्या उठल्या, दार उघडलं आणि दोघांना म्हणाल्या, "आपण कृपा करून बाहेर थांबाल का?"

"पण बाई, कमिटीचा ठराव—" रावबहादूर म्हणाले.

"बाहेर," बाई म्हणाल्या.

दोघं गेले. बाईंनी दाराला आतून कडी लावली. मग बाह्या कोपरापर्यंत सारल्या, कोपऱ्यातल्या कार्बोलिकच्या घंगाळात हात बुडवले, नखांपासून मनगटापर्यंत नीट धुतले, पुसले आणि जानकूच्या समोर येऊन बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता दुसरा प्रश्न."