मेरिगार्थचा शेवटचा माणूस

यॉर्कशरच्या त्या दरीत बिनचुन्याचे दगडी गडगे रचणारा एनॉक मेरिगार्थ सत्तरी ओलांडेपर्यंत एकाच घमेंडीवर जगला: हे आडनाव साऱ्या देशात आपल्या घराण्याखेरीज कुणाचे नाही. त्याला मूलबाळ नव्हते. भाऊ वारला तेव्हा ते आडनाव लावणारा तो एकटाच उरला आणि घमेंडीच्या जागी रुखरुख येऊन बसली. आपल्याबरोबर नाव संपणारच, तर ते आले कुठून एवढे तरी कळावे, म्हणून तो दर मंगळवारी चर्चमध्ये बसून बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी चाळू लागला.

चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी विनी ऑल्डरसन त्याच्या शाळेतली.

"सापडला का रे तुझा सरदार पूर्वज?" चहाचा मग ठेवत तिने विचारले.

"सरदार कसला, गडी निघाला." एनॉकने ओळीवर बोट टेकवले. सतराशे त्रेचाळीस: एमॉस हर्ड, मेरिगार्थ मळ्यावरचा गडी, यास मुलगा. सात वर्षांनी मुलगी. आता त्याच बापाचे नाव एमॉस मेरिगार्थ. त्याच्याआधी मळ्यावर असलेला टॉमस मेरिगार्थ तर हायफोल्ड मळ्यावर राहायला गेला आणि पुढच्या नोंदीत टॉमस हायफोल्ड झाला.

"मग नवल ते काय? इथे माणसाला मळ्याच्याच नावाने हाक मारतात. माझ्या बापाला ऑल्डरसन कोण म्हणायचं?"

"म्हणजे आम्ही मुळात हर्ड!"

"म्हणजे मळ्यावर राहील तो मेरिगार्थ. चहा पी, निवतोय."

एनॉकने चहाचा मग उचलला. मळा त्याच्या बापाच्या हयातीतच हातचा गेला होता. तिथे आता लीड्सहून आलेली टेसा ओकोरो मेंढ्या पाळत होती, आणि गेली चार वर्षे तो तिला 'ती उपरी' म्हणत आला होता.

सप्टेंबरच्या मेंढ्यांच्या प्रदर्शनात नावे टिपणाऱ्याने विचारले, "हा मेंढा कुणाचा?"

"त्या लीड्सवालीचा," कुणीतरी म्हणाले.

"टेसा मेरिगार्थचा," एनॉक म्हणाला. "तसंच लिही."

मंडळी त्याच्याकडे पाहतच राहिली. टेसा हसली. "अहो काका, माझं आडनाव ओकोरो."

"ते लीड्सला. आणि उद्या सकाळी घरी राहा. तुझ्या वरच्या रानाचा गडगा ढासळलाय. मेरिगार्थच्या माणसाला शोभत नाही ते. कसा रचायचा, दाखवतो."