दोघांपुरती फोर्थ

यजमानांची बदली चंडीगडला झाली आणि मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या कंपनीत नोकरी धरली. दवाखान्यांतल्या तपासणी यंत्रांना लागणारे छोटे संगणक तिथे बनत. माझ्याकडे बूट लोडरचं काम होतं. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होतो आणि मग मुख्य सिस्टिमला शोधून उठवतो, तो हा चिमुकला प्रोग्राम. काय, कुठून, कोणत्या क्रमाने उठवायचं हे सांगायला त्याच्या पोटात एक छोटीशी भाषा ठेवावी लागते.

आमच्या वरिष्ठांनी फोर्थ नावाची जुनी भाषा ठेवली होती. ते सरदारजी होते, निवृत्तीला टेकलेले. सगळे त्यांना सरजी म्हणत. फोर्थ अगदी थोड्या जागेत मावते, पण तिच्यात आकडे आधी आणि बेरीज नंतर. कॉलेजातून आलेले तिला उलटी म्हणून नाकं मुरडायचे. मला त्यात उलटं काही दिसेना. आपण 'दोन आणि तीन मिळव' म्हणतो, क्रियापद शेवटीच येतं की! हे मी बोलले तेव्हा सरजी खूश झाले. "मैडम जी, यही तो मैं बरसों से कह रहा हूँ!"

फोर्थमध्ये लागतील ते शब्द आपणच घडवायचे. मग काय, ते पंजाबी शब्द घडवत, मी मराठी. त्यांचा 'लभ' डिस्कवर फाइल शोधायचा, माझा 'थांब' यंत्र थांबवायचा. घरी माझी मुलगी मराठीला हिंदीत उत्तर द्यायची. इथे निदान यंत्र तरी माझं ऐकत होतं. ते दिवस सुखाचे होते.

पुढे सरजींना कर्करोग निघाला. सेक्टर ३२च्या हॉस्पिटलात त्यांना ठेवलं, आणि नेमकं तेव्हाच मालकांनी विषय काढला: नव्या यंत्रात फोर्थच ठेवायची, की लुआ नावाची, इंग्रजी वळणाची, कोणालाही वाचता येईल अशी भाषा घ्यायची? सोमवारी बैठक ठरली. माणूस खाटेवर पडलेला असताना त्याचं काम मोडीत काढायचं, या विचारानेच माझं डोकं फिरलं. भांडायचं मी पक्कं ठरवलं.

त्याच आठवड्यात यंत्र अडलं. सिस्टिम सापडायची आणि लगेच पडद्यावर बिघाडाची सूचना. घोडं कुठे पेंड खातंय कोणालाच कळेना. फोर्थला शिव्या सुरू झाल्या. शेवटी मला दिसलं. यंत्रात आमचे शब्द इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागत. सरजींनी 'chuk' नावाचा शब्द केला होता. पंजाबीत चुक म्हणजे उचल. सिस्टिम उचलून मेमरीत ठेवायचं त्याचं काम. मी परवाच बिघाड दाखवायला शब्द केला होता, त्याचंही नाव 'chuk', आपली मराठी चूक. फोर्थमध्ये एकाच नावाचे दोन शब्द झाले की नंतरचा चालतो. यंत्राला उचल म्हटलं की ते बिचारं चूक म्हणून थांबायचं.

संध्याकाळी हॉस्पिटलात जाऊन सांगितलं. सरजी खोकला येईपर्यंत हसले. त्यांच्या बायकोने पाणी पाजलं. मी म्हटलं, "सोमवार को मैं फोर्थ के लिए लड़ूँगी, सरजी."

"ना. लुआ ले लो."

"वो जगह ज़्यादा खाएगी."

"खाने दे. ये चुक तेरे बिना कोई पकड़ता?"

मी नकारार्थी मान हलवली.

"अभी तक हम दो थे. मेरे बाद तू अकेली रह जाएगी. अकेले बंदे की कोई बोली नहीं होती, पुत्तर."

मला त्यांचा फार राग आला. इतक्या सहज सोडून कसं देतात! बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावली, तरी त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना.

सोमवारी मी लुआ म्हटलं. भांडण ऐकायच्या तयारीने आलेले सगळे माझ्याकडे बघत राहिले. सरजींनीच निवडली आहे, एवढं सांगून मी खाली बसले.

नवा लोडर पुरा झाला तेव्हा सरजी नव्हते. नुकत्याच लागलेल्या एका मुलीने तो उघडला, वाचला आणि एक जागा परस्पर सुधारून टाकली. सुधारणा बरोबर होती. पडद्यावर ती बघताना मला रडू फुटलं. पोरगी घाबरली.

"सॉरी मैम, मुझे आपसे पूछना चाहिए था."

तिला विचारावं लागलं नाही, हेच सरजींना हवं होतं.